कुर्बानीचं मटण नेताना सॅक आणि पिशवी स्वच्छ कशी ठेवावी

बकरी ईदच्या तीन दिवसांत पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत घराघरांतून मटण एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. कुर्बानी कासारवाडीत होते, एक हिस्सा काळेवाडीतल्या खालाकडे जातो, एक भोसरीच्या फुफूकडे, आणि गरिबांचा हिस्सा महाळुंगे-खराबवाडीकडच्या कामगारांच्या खोल्यांवर. आपल्याकडे हे काम बहुतेक दुचाकीवरच होतं. मग घाईघाईत घरातली जी दिसेल ती सॅक उचलली जाते. कधी ती कंपनीत डबा नेण्याची असते, कधी कॉलेजची, आणि कधी पोराचं शाळेचं दप्तर.

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून या विषयाची दुसरी बाजू आम्हाला दिसते. एका वर्षी ईदनंतर शाळा भरली आणि सहावीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तराला वास येऊ लागला. शेजारच्या पोरांनी नाकाला हात लावले. तो मुलगा दोन दिवस वह्या साध्या पिशवीत घालून आणत होता आणि ती पिशवी पायाखाली लपवत होता. विचारलं तेव्हा हळूच म्हणाला, "अब्बूंनी माझ्या सॅकमधून मटण नेलं होतं, सर." वडिलांचा हेतू नेक होता. पण ते ओझं पोराच्या वाट्याला आलं. त्यानंतर आम्ही आमच्या घरी आणि ओळखीच्या घरांत ही पद्धत नीट बसवली. तीच इथे सविस्तर देत आहोत.

दप्तराला हात लावायचा नाही

पहिला नियम सोपा आहे. मुलांचं दप्तर, कंपनीची सॅक, लॅपटॉपची बॅग आणि जानमाज ठेवायची पिशवी, या चार गोष्टी मटणासाठी वापरायच्या नाहीत. अशा बॅगांना आतून स्पंज, अस्तर आणि शिवणीचे अनेक कप्पे असतात. एकदा लाल पाणी स्पंजमध्ये मुरलं, की वरून कितीही पुसलं तरी आतलं ओलं राहतं आणि दुसऱ्या दिवसापासून वास सुटतो.

त्यासाठी वेगळी पिशवी राखून ठेवा. बाजारात रेक्झिनची किंवा जाड ताडपत्रीसारख्या कापडाची सरळ पिशवी मिळते. आत अस्तर नको, कप्पे नकोत, तळ रुंद हवा आणि पट्टे मजबूत हवेत. जुनी सॅकच वापरायची असेल, तर ती कायमची याच कामाला ठेवा आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात "मटण" लिहून टाका, म्हणजे घरात कोणी चुकून तिच्यात कपडे भरणार नाही.

किती मोठी पिशवी लागेल याचा अंदाज आधीच काढता येतो. जिवंत वजन 30 किलो असलेल्या बकऱ्याचं हाडांसकट साधारण 13 ते 15 किलो मटण निघतं. तीन हिस्से केले, तर एक हिस्सा चार ते पाच किलोचा होतो. एका फेरीला एक हिस्सा नेला, तर पिशवी दाबून भरावी लागत नाही. दाबून भरलेलं मटण जास्त पाणी सोडतं, म्हणून दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील.

मटण आधी गार होऊ द्या

बकऱ्याच्या शरीराचं तापमान सुमारे 39 अंश सेल्सियस असतं. नुकतंच कापलेलं मटण हाताला गरम लागतं ते त्यामुळे. हे गरम मटण लगेच पिशवीत कोंबलं, की आत वाफ धरते, पाणी सुटतं आणि मटण चिकट होतं. पिशवी ओली होण्याचं निम्मं कारण इथेच आहे.

म्हणून तुकडे झाल्यावर ते मोठ्या परातीत किंवा ताटात पातळ पसरा. जागा सावलीची असावी, वर जाळी किंवा मलमलचं कापड टाका, पंखा लावा. अर्ध्या तासात वरची ओल सुकते. वाटप करण्याआधी मटण धुऊ नका. धुतलेलं मटण वाटभर पाणी गाळत जातं आणि ओल्यावर जिवाणूही लवकर वाढतात. ज्यांना धुवायचं आहे ते आपल्या घरी, शिजवण्याआधी धुतील.

कलेजी, गुर्दे आणि भेजा वेगळ्या डब्यात ठेवा, कारण त्यांतून जास्त पाणी सुटतं. ओझडी आणि पाये तर मटणाच्या पिशवीत घालूच नका. खाल मदरशात द्यायची असेल, तर तिला मीठ लावून वेगळ्या गोणीत न्या. एका पिशवीत सगळं भरलं, की चांगल्या मटणालाही ओझडीचा वास लागतो.

आत कापड, मग डबा, बाहेर पिशवी

अमेरिका-कॅनडाकडे रानात शिकार करणारे लोक मैलोन् मैल पाठीवरून मांस आणतात. त्यांच्यासमोरही हाच प्रश्न असतो. ते मांस आधी सुती पिशव्यांत घालून टांगतात, हवेवर गार करतात, आणि पाठीवर घ्यायच्या वेळी सॅकच्या आत न गळणारं अस्तर टाकून त्यात सुती पिशवी ठेवतात. मुक्कामाला पोहोचले, की मांस लगेच प्लॅस्टिकमधून बाहेर काढतात. कापडातून हवा खेळते आणि ओल शोषली जाते. प्लॅस्टिक फक्त वाटेपुरतं असतं.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. ससा, भेकर हे प्राणी हलाल असले, तरी खेड, मावळ किंवा जुन्नरच्या डोंगरात त्यांची शिकार करणं किंवा ते मांस बाळगणं गुन्हा आहे. गावाकडून कोणी असं मांस "भेट" म्हणून दिलं, तर नम्रपणे नको म्हणावं. मात्र मांस वाहण्याची त्यांची पद्धत आपल्या कामाची आहे.

आमच्या घरची मांडणी अशी असते.

सगळ्यात आत कापड. मांजरपाट किंवा जुन्या पांढऱ्या सुती चादरीच्या छोट्या पिशव्या शिवून घ्या. एका पिशवीत एक ते दीड किलो मटण बसेल एवढा आकार ठेवा. रंगीत कापड घेऊ नका, रंग सुटतो. ईदच्या आदल्या दिवशी या पिशव्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवून ठेवा.

कापडाच्या बाहेर डबा. झाकणाचा स्टीलचा डबा सगळ्यात उत्तम. तो नसेल तर खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा चालतो. डब्याच्या तळाला चार पदरी सुती फडकं घाला, म्हणजे सुटलेलं पाणी तिथेच जिरतं.

डब्याच्या बाहेर पिशवी किंवा सॅक. आत एक जुना टॉवेल घालून डबा घट्ट बसवा. डबा हलला नाही तर झाकण उघडत नाही.

डब्याऐवजी जाड प्लॅस्टिक वापरायची वेळ आली, तर दोन पिशव्या एकात एक घालून प्रत्येकीचं तोंड वेगळं बांधा. मात्र दुकानातल्या पातळ कॅरीबॅगवर महाराष्ट्रात मार्च 2018 पासून बंदी आहे, आणि हाडाच्या एका टोकाने ती फाटते. तेव्हा मटण देणाऱ्याने डबा न्यावा आणि घेणाऱ्याने आपल्या पातेल्यात ओतून घ्यावं, हेच बरं. आमच्या लहानपणी थाळीवर रुमाल टाकून हिस्सा जायचा आणि रिकामी थाळी परत यायची.

वर्तमानपत्रात मटण गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये याबद्दल सूचना दिली होती, आणि 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे.

कंपनीतून आणलेल्या पिशव्या आणि ड्रम नकोत

ही गोष्ट आपल्या पट्ट्यात खास सांगावी लागते. भोसरी आणि चाकण एमआयडीसीत सुट्या भागांचं पॅकिंग उघडलं, की जाड, स्वच्छ दिसणाऱ्या पिशव्या भरपूर उरतात. कामगार त्या घरी आणतात आणि ईदला त्यांतच मटण भरलं जातं. यातल्या बऱ्याच पिशव्यांना लोखंडी भागांना गंज लागू नये म्हणून रसायन लावलेलं असतं. बहुतेक त्या निळ्या किंवा पिवळ्या असतात, पण रंगावर विश्वास ठेवू नका. ते रसायन पिशवीतून हळूहळू बाहेर पडत राहतं, त्याचं कामच ते आहे. मटण अशा पिशवीत अजिबात ठेवायचं नाही.

तेच भंगारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रमचं. त्यात आधी ऑईल होतं, कूलंट होतं की ॲसिड, हे कोणी सांगू शकत नाही. खताच्या गोण्या आणि रंगाच्या बादल्याही याच यादीत येतात. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या डब्याच्या बाहेर अस्तर म्हणून घाला हवं तर, पण मटणाला लागू देऊ नका.

वेळेचा हिशेब

साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात अन्नातले जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल वातावरणात काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा लोकांसाठीचा साधा नियम असा आहे, की कच्चं मांस फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मटण पसरून ठेवलेला अर्धा तासही यात धरा.

आता आपला रस्ता बघा. पिंपरीहून चाकणला एरवी पाऊण तासात पोहोचतो, पण पुणे-नाशिक महामार्गावर मोशीपासून किंवा चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली, की दीड तास कुठे गेला कळत नाही. म्हणून वाट अर्ध्या तासापेक्षा लांबची असेल, तर बर्फ हवाच. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा. पाच किलो मटणाला एकेक लिटरच्या दोन बाटल्या आम्ही घेतो, फडक्यात गुंडाळून, एक खाली आणि एक वर. सुटा बर्फ घालू नका, तो वितळून सगळं ओलं करतो. मासळीवाल्यांसारखा थर्माकोलचा खोका घरात असेल, तर डबा त्यात ठेवा.

बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2023 मध्ये ती 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जूनला, 2025 मध्ये 7 जूनला. पुढची काही वर्षं ती मे महिन्याच्या उन्हात येत जाईल. शाळेला सुट्टी असेल, दप्तर रिकामं दिसेल आणि ते उचलायचा मोहही होईल. ऊन जास्त असल्याने बर्फाची गरज मात्र वाढणार आहे.

रस्त्यावरून नेताना

दुचाकीवर डबा पाय ठेवायच्या सपाट जागेत किंवा मागच्या कॅरियरवर बांधून न्या. पाठीवर सॅक घेतली, तर अंगाच्या उष्णतेने मटण गरम होतं आणि डबा आडवा होऊन गळतो. हँडलला पिशवी लटकवू नका, ती चाकात जाते आणि गाडीचा तोलही जातो. उघड्यावर, थेंब गळत मटण नेऊ नये. रस्ता सगळ्यांचा आहे. पीएमपीची बस, लोणावळा लोकल किंवा मेट्रोची गर्दी मटण घेऊन टाळलेली बरी. रिक्षा केली, तर सीटखाली आपलं फडकं अंथरा.

2023 मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी केली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असल्याने ते जमलं. देहू-आळंदीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या भागाला अशी समज नवी नाही. झाकून, स्वच्छ नेलेलं मटण हा त्याच समजुतीचा भाग आहे.

कायद्याचीही माहिती असावी. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. बकरा आणि मेंढी यांना ती लागू नाही. चाकणच्या शनिवारच्या बाजारातून किंवा अन्य कुठून जनावर घेतलं, तर त्याची पावती घ्या आणि मटण नेताना तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कोणी अडवून विचारलं, तर आवाज न चढवता उत्तर द्या. प्रसंग बिघडतोय असं वाटलं, तर तिथेच थांबून 112 वर फोन करा.

पिशवीला रक्त लागलं तर पाकीचं काय?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. हनफी मसलकानुसार जबह करताना वाहणारं रक्त नापाक आहे. ते कपड्याला किंवा पिशवीला लागलं तर धुवावं लागतं. जबह झाल्यावर मांसात आणि बारीक नसांत जे राहतं, ते नापाक धरत नाहीत. डब्याच्या तळाला जे लाल पाणी दिसतं, ते बहुतेक रक्त नसतंच. मांसातलं पाणी आणि त्याला लाल रंग देणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं ते. धुतल्यावर रक्त निघून गेलं आणि नुसता डाग उरला, तर त्याने पाकीला बाधा येत नाही. कोकणातून आलेली आपली बरीच कुटुंबं शाफई आहेत. त्यांनी आणि ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावं.

पाक असणं आणि स्वच्छ असणं, दोन्ही सांभाळायचं आहे. मसल्याने पाक ठरलेली पिशवीसुद्धा दुसऱ्या दिवशी वास मारू शकते.

डाग आणि वास काढायची पद्धत

घरी पोहोचल्यावर पिशवी कोपऱ्यात टाकून जेवायला बसू नका. ओली आहे तोवर पाच मिनिटांचं काम असतं, वाळली की तासाचं होतं.

1. पिशवी उलटी करा आणि गार पाण्याने धुवा. गरम पाणी आधी वापरलं तर रक्तातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं आणि डाग पक्का होतो.

2. भांड्यांचा साबण किंवा धुण्याची पावडर गार पाण्यात कालवून मऊ ब्रशने शिवणी, चेन आणि तळाचे कोपरे घासा. घाण तिथेच अडकते.

3. डाग राहिला, तर मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड थेंबभर लावा. फेस आला की पुसून धुवा. आधी एखाद्या कोपऱ्यावर लावून रंग जात नाही ना ते बघा.

4. डबा आणि रेक्झिनची पिशवी निर्जंतुक करायला चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं ब्लीच पुरतं. पाच मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा. स्टीलच्या डब्याला ब्लीच लावू नका, त्याला साबण आणि उकळतं पाणी पुरे. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

5. वास राहिला, तर आत खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका.

6. उन्हात उलटी टांगून वाळवा. पाऊस असेल, तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा. वर्तमानपत्राचा योग्य उपयोग हा. आतून पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.

सॅक वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. आतला न भिजणारा थर सुटतो आणि मशीनमधल्या बाकी कपड्यांनाही वास लागतो. मांजरपाटाच्या पिशव्या आधी गार पाण्यात भिजवा, साबणाने धुवा आणि शेवटी उकळून वाळवा.

मटण पोहोचल्यावर

मटण कापडातून आणि डब्यातून लगेच बाहेर काढा. काही तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पाकिटांत फ्रीजरमध्ये ठेवा. चपटं पाकीट लवकर गोठतं. मोठा गोळा ठेवला, तर बाहेरून बर्फ होतो आणि आतून बराच वेळ गरम राहतो. ज्या घरात फ्रीज नाही, तिथे हिस्सा सकाळीच द्या आणि तेवढाच द्या जेवढा त्या दिवशी शिजेल. चाकणकडच्या खोल्यांवर चार-चार कामगार एकत्र राहतात, त्यांच्याकडे बहुतेक फ्रीज नसतो. त्यांना संध्याकाळी पाच किलो नेऊन दिलं, तर आपलं समाधान होतं, त्यांची पंचाईत होते.

ईदच्या आधी एवढं करा. एक पिशवी राखून ठेवा, चार मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या, दोन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीनशे रुपयांच्या आत काम होतं आणि सामान दर वर्षी वापरता येतं.

तो सहावीतला मुलगा पुढच्या वर्षी ईदनंतर वर्गात आला तेव्हा दप्तर बाकावर, सगळ्यांसमोर ठेवलं होतं. आम्ही काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तोच जवळ येऊन सांगून गेला, "सर, अब्बूंनी या वेळी वेगळी पिशवी शिवली."